चार हजार चारशे अठरावी नोंद

कल्पना कर, की तुम्ही नऊ जण मिळून एक मोठी गोष्ट लिहिता आहात. ती लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली अशी, की वही एकच, ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली एका शहाण्या मुलाकडे. ज्याला लिहायचं असेल त्यानं फळ्यावर आपलं नाव टाकून वही घेऊन जायची आणि तो ती परत आणेपर्यंत बाकीच्या आठांनी माश्या मारत बसायचं. दुसरी अशी, की प्रत्येकाला अख्खी वही पहिल्या पानापासून उतरवून द्यायची. ज्यानं त्यानं आपापल्या घरी लिहायचं आणि मग एकत्र बसून जुळवायचं. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळं लिहिलं असेल तर भांडायचं, भांडून दमलं की एक ओळ ठरवायची. तुला यांतली कुठली बरी वाटते? घाई करू नकोस. डोळे मीट आणि दोन्ही नीट बघ. हाच प्रश्न एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्या ऑफिसनं विचारला होता आणि उत्तरासाठी एक आठवडा दिला होता. त्याला उत्तर येत होतं. परीक्षेत उत्तर येत असूनही लिहिता येत नाही, असं तुझं कधी झालंय का? पेन हातात आहे, शाई आहे, शब्द डोक्यात आहेत, आणि हात कागदावरून पुढे सरकत नाही. त्याचं तसं झालं होतं.

तो काम करत होता तिथे लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर तयार होई. लिफ्ट कुठे थांबवायची, दार किती वेळ उघडं ठेवायचं, मध्ये कोणी आलं तर दारानं मागे कसं यायचं, हे सगळं नऊ जण मिळून लिहीत आणि रोज बदलत. काय बदललं, कोणी बदललं, कशासाठी बदललं याचा हिशेब ठेवणारी एक व्यवस्था अशा ठिकाणी लागतेच. तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. त्यांची व्यवस्था एकवीस वर्षांपूर्वी त्यानंच बसवली होती आणि सगळे तिला कोठी म्हणत. कोठीतून फाइल उचलायची, काम झालं की ठेवायची. उचललेल्या फाइलला उचलणाऱ्याच्या नावाचं कुलूप लागे, मग दुसऱ्या कोणाला तिला हात लावता येत नसे. प्रत्येक वेळी काही ठेवलं, की त्या नोंदीला पुढचा आकडा मिळे. एक, दोन, तीन करत आता आकडे अकरा हजारांच्या वर गेले होते. कोणी कुलूप लावून निघून गेलाच, तर ते तोडायचा अधिकार फक्त याला. नोंद पुसायचा अधिकारही फक्त याला. म्हणून तोंडावर त्याला काका म्हणत आणि पाठीमागे किल्लीकाका. त्याला दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही चालत होतं.

टीमची प्रमुख त्याच्या मुलीच्या वयाची होती. सोमवारी तिनं त्याला काचेच्या खोलीत बोलावलं, खुर्ची पुढे केली आणि सांगितलं, की वरचे लोक कोठी बंद करून नवी व्यवस्था आणायचं म्हणताहेत, ज्यात प्रत्येकाच्या मशीनवर अख्खी प्रत असते. टीममधल्या टवाळ पोरांनी त्या व्यवस्थेचं नाव आधीच घरोघर ठेवलं होतं. दोन्हींची तुलना काकांनीच लिहावी, कारण कोठी त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहे. एक तक्ता करायचा, डावीकडे कोठी, उजवीकडे घरोघर, खाली त्यांचं मत. मत काहीही असो, ते ती तसंच्या तसं वर पाठवील. उठता उठता ती म्हणाली, की काका, तुमच्यासाठी काम असेलच, त्याची काळजी करू नका. ज्याच्यासाठी काम नसतं त्यालाच हे सांगतात, एवढं त्याला कळत होतं, पण त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. निवृत्तीला चौदा महिने होते. चौदा महिने कोणी कुठेही बसवलं तरी निघतात. त्याला फक्त दमल्यासारखं झालं. हल्ली कुठलीही गोष्ट कानावर पडली की आधी दमल्यासारखं व्हायचं आणि मग ती कळायची.

शुक्रवारी त्यानं चाचणी म्हणून कोठीतला सगळा माल नव्या व्यवस्थेत ओतायला घेतला. शेजारी शंकासुर बसला होता. हा टीममधला सगळ्यांत नवा, तेवीस वर्षांचा, आणि त्याला दर वाक्याला एक शंका येई म्हणून हे नाव. पडद्यावर आकडे सरकत होते. शंभर, हजार, दोन हजार. पलीकडच्या सर्व्हरच्या खोलीतली ती ओळखीची घुरघुर, पायांवर येणारा गार वारा, तापलेल्या धुळीचा वास. त्याला झापड येत होती. आणि आकडे थांबले. पडद्यावर ओळ आली, की चार हजार चारशे सतरानंतर चार हजार चारशे एकोणीस आहे, मधली नोंद सापडत नाही, पुढे जायचं का? शंकासुर लगेच पुढे वाकला. काका, एक नंबर गाळलाय बघा, असं कसं झालं? त्यानं क्षणभरही न थांबता म्हटलं, "एकवीस वर्षांची म्हातारी आहे ती. एखादा दात पडायचाच." शंकासुर हसला, मागच्या टेबलावरचे दोघे हसले, आणि त्यानं 'हो'वर बोट ठेवलं. आकडे पुन्हा धावायला लागले. सगळं संपल्यावर त्यानं नव्या व्यवस्थेत जाऊन पाहिलं. तिथे आकडेच नव्हते. तिथे प्रत्येक नोंदीला अक्षरांची एक लांबलचक खूण होती आणि जुनी सतरावी आणि जुनी एकोणिसावी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, जणू त्यांच्या मध्ये कधी कोणी बसलंच नव्हतं. अकरा वर्षं जे भोक तो रोज बघत होता ते बुजलं होतं. सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्यानं कोठी पुन्हा उघडली आणि ते भोक तिथे अजून आहे का, ते पाहिलं.

दाराची फाइल सांभाळणारी एक मुलगी होती. अकरा वर्षांपूर्वी तीस-एकतीसची असेल. सगळे तिला दारवाली म्हणत आणि ती फोन उचलतानाही हसत हसत दारवाली बोलतेय म्हणे. कामाला चोख, बोलायला फटकळ. कोणाची फाइल दोन दिवस अडकली की ती त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची आणि अंडी उबवताय का, असं विचारायची. एका आठवड्यात तिच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून ती चार दिवस रजेवर गेली आणि दाराच्या फाइलला तिचं कुलूप तसंच राहिलं. त्याच वेळी एका गिऱ्हाइकाला तातडीनं एक छोटासा बदल हवा होता, एका ओळीचा, त्याच फाइलमध्ये. त्यानं कुलूप पाहिलं आणि मनात म्हणाला, गेली बघा लावून. मग ते तोडलं. त्याच्या मशीनवर आदल्या आठवड्यातली प्रत होतीच, तिच्यात त्यानं ती ओळ बदलली आणि वर ठेवून दिली. त्यानं शेवटची नोंद उघडून पाहिली नाही. पाच सेकंदांचं काम. सगळ्यांना तो हेच बजावायचा, की ठेवण्याआधी शेवटची नोंद बघा, आणि त्यानं स्वतः पाहिली नाही. कारण ती रजेवर आहे म्हणजे तिनं काही ठेवलेलं नसणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. तिनं ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी, आईला ऑपरेशनला आत नेण्याआधी, दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं दाराची दुरुस्ती कोठीत ठेवली होती आणि अजून थोडं काम बाकी म्हणून कुलूप काढलं नव्हतं. तिची चार हजार चारशे अठरावी. त्याची चार हजार चारशे एकोणिसावी. त्याच्या जुन्या प्रतीखाली तिची दुरुस्ती गाडली गेली.

दीड महिन्यानं एका इमारतीत सामान पोचवायला आलेल्या माणसाच्या अंगावर लिफ्टचं दार मिटलं आणि मागे आलं नाही. खांदा निखळला. जिवावरचं नव्हतं, पण चौकशी बसली. जी दुरुस्ती असती तर दार मागे आलं असतं, ती दारवालीनं करायची होती. ती म्हणाली, मी केली. मंगळवारी ठेवली. कोठीत बघा. मग सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं, कारण कोठीत बघायचं म्हणजे याच्याकडेच बघायचं. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं पाहिलं. दोन नोंदी, एकीवर एक. त्यानं त्या तीन-चार वेळा वाचल्या. डबा उघडलेला होता आणि गार होत चालला होता, हे त्याला अजून आठवतं. तेव्हा त्याच्या डोक्यात फार मोठं काही नव्हतं. मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. गेली दहा वर्षं नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. त्याला वाटलं, हिला फार तर ताकिदीचं एक पत्र मिळेल, तरुण आहे, निभावून नेईल. आपली चूक दिसली तर आपल्याकडून कोठीच काढून घेतील. त्यानं किल्ली वापरली आणि अठरावी नोंद पुसली. पुसल्यावर कोठीनं विचारलं होतं, की नक्की ना, हे परत आणता येणार नाही. त्यानं हो म्हटलं होतं. मग डब्याला झाकण लावलं.

सगळ्यांसमोर कोठी उघडली गेली तेव्हा सतरानंतर एकोणीस होती, पण आकडे कोण बघतो, सगळे नाव शोधत होते. तिचं नाव त्या मंगळवारी कुठेच नव्हतं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं, पण संशयानं नाही. शेवटच्या पायरीनंतर अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तिचा चेहरा झाला. ती भांडली नाही, आणि ती न भांडणं सगळ्यांना कबुलीसारखं वाटलं. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला.

त्यानंतर तो कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की मनात मोजायचा. दार उघडल्यापासून एक, दोन, तीन. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या, मुलीच्या सासरच्या इमारतीच्या. मोजायचं नाही असं ठरवूनही ओठ हलायचे. पुढे तेही सवयीचं झालं. माणूस कशालाही सरावतो आणि सरावलं की त्यालाच बरं झालं म्हणतो. तो सरावलाच असता. पण सहा वर्षांनी ती एका टपाल कचेरीच्या रांगेत त्याच्या पुढे उभी होती. केस जरा पांढरे, हातात जाडजूड पाकीट. तिनंच ओळखलं. काय काका, बरे आहात ना, कोठी कशी आहे? एखाद्या जुन्या शेजारणीची चौकशी करावी तसं. मग म्हणाली, की ती आता एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, मुलं गोड आहेत, डोकं खातात. रांग हळूहळू सरकत होती. आणि अगदी सहज, पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासता तपासता ती म्हणाली, "काका, गंमत सांगू? मला अजून तो बाक आठवतो. मांडीवर मशीन आठवतं. ठेवल्याची खूण आली तेही आठवतं. म्हणजे माझा भासच असणार ना सगळा? आईच्या काळजीनं डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. तेव्हापासून मी घराला कुलूप लावलं तरी दोनदा परत येऊन बघते."

तो म्हणाला, "असतं असं."

मग तिचा नंबर आला आणि ती खिडकीशी गेली.

त्याला नोंद पुसल्याचं जितकं टोचलं नव्हतं तितके हे दोन शब्द टोचले. पुसताना तो घाबरलेला होता, घाबरलेल्या माणसाला थोडी तरी सूट असते. रांगेत तो घाबरलेला नव्हता. तिथे त्याला कोणी काही विचारत नव्हतं, चौकशी नव्हती, डबा गार होत नव्हता. एक बाई स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू की नको, एवढंच विचारत होती आणि त्यानं तिला सांगितलं, की नको ठेवू. तिच्याजवळ तिची प्रत होती, डोक्यात, बाकासकट, खुणेसकट. पण एकटीची प्रत किती दिवस टिकणार? समोर कोठी म्हणते नाही, नऊ माणसं म्हणतात नाही, मग ती प्रत हळूहळू फिकट होते आणि एक दिवस माणूस ती स्वतःच्याच हातानं खोडून टाकतो. हे त्याला नव्या व्यवस्थेबद्दल वाचताना लख्ख कळलं. त्या व्यवस्थेचं सगळ्यांत मोठं बळ वेगात नव्हतं. इंटरनेट बंद असताना काम चालतं, यात नव्हतं. दोघांनी एकाच वेळी एक फाइल बदलता येते, यातही नव्हतं. ते यात होतं, की मंगळवारी सकाळी ठेवलेली नोंद दुपारपर्यंत आणखी आठ मशीनवर गेलेली असती. त्यानं आपल्याकडची पुसली असती, तरी दुसऱ्या दिवशी आठही प्रतींनी बोंब मारली असती, की इथे काहीतरी होतं. हा मुद्दा तक्त्यात सगळ्यांत मोठा. आणि जगात तो एकट्यालाच खात्रीनं माहीत होता, कारण हे घडू शकतं हे एकट्यालाच माहीत होतं. एकवीस वर्षांत कोठीतली नोंद कधी पुसली गेली का, असं कोणी विचारलं तर सगळे म्हणणार, छे, काका आहेत ना.

शनिवारी त्यानं तक्ता करायला घेतला आणि मनगट धरून बसला. पंधरा दिवसांपूर्वी उजवं मनगट सुजलं होतं, डॉक्टरांनी पट्टा बांधून टंकायला बंदी घातली होती. बायको म्हणाली, की ते ऑफिस डोक्यातून काढून बुटांशेजारी ठेवा जरा, गिळताना तरी समोरचं ताट दिसू द्या. तो गिळत होता, पण काय, ते सांगता आलं नसतं. बायकोला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. सांगण्याजोगी वेळ पहिल्या आठवड्यात होती. मग एक महिना झाला आणि महिनाभर का सांगितलं नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. मग वर्ष झालं. उशीर हा असा वाढत जातो, त्याला रोज काही करावं लागत नाही.

रविवारी सकाळी नात आली. त्याच्या मुलीची मुलगी, नऊ वर्षांची. आईची रुग्णालयात ड्यूटी असली की दिवसभर इथेच. दोन बोटांनी टंकायची, पण टकाटक, आणि आजोबांचं टंकायचं काम आपल्याला मिळालं म्हणून खूश होती. खुर्चीवर दोन उशा ठेवून बसली, पाय लटकत. त्यानं बाजूला बसून सांगायचं, तिनं लिहायचं, आणि प्रत्येक ओळ झाली की वर्गात वाचतात तशी खणखणीत आवाजात वाचून दाखवायची, मग भले वाक्याचा अर्थ कळो न कळो. कोठीत एकानं फाइल उचलली की बाकीचे थांबतात. घरोघरमध्ये कोणी थांबत नाही, पण जुळवताना भांडण होऊ शकतं. यावर तिनं विचारलं, की खरं भांडण की कॉम्प्युटरचं? दोन्ही, तो म्हणाला. कोठी शिकायला एक दिवस पुरतो, घरोघरला पंधरा. कोठीत नकाशे, चित्रं अशा जड फाइली नीट राहतात, कारण त्या जुळवता येत नाहीत, तिथे कुलूपच बरं. हे त्यानं मुद्दाम लिहायला सांगितलं. कोठीशी त्याला बेइमानी करायची नव्हती, तिनं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. घरोघरमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर जागा जास्त लागते. कोठीचा सर्व्हर बंद पडला तर सगळे बसून राहतात. "मग तुम्ही काय करायचात?" तिनं विचारलं. "चहा प्यायचो," तो म्हणाला, आणि तिनं गंभीरपणे विचारलं की हे लिहू का. तो किती तरी दिवसांनी हसला.

स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, त्याचे आवाज येत होते. खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि तिच्या बोटांवर चढत होतं. नऊ ओळी झाल्या. "झालं?" तिनं विचारलं. झालं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. तक्ता पुरा दिसत होता. खाली मत लिहायचं, घरोघर घ्यावी, सही. नवी व्यवस्था येईल, कोठी बंद होईल, तो सर्व्हर कोणी तरी भंगारात देईल आणि भोकासकट सगळं जाईल. वरच्या लोकांना निर्णय बरोबरच मिळेल. कोणाचंही नुकसान नाही. फक्त एक बाई कुठल्या तरी घराच्या जिन्यावरून परत वर जाऊन कुलूप ओढून बघेल, आज, उद्या, चौदा महिन्यांनी आणि त्याच्यानंतरही. नात पाय हलवत वाट बघत राहिली. तिला वाट बघता येत होती, हा तिचा गुण होता.

"अजून एक ओळ आहे," तो म्हणाला. आणि सांगायला लागला. कोठीत किल्ली एकाच माणसाकडे असते. त्या माणसानं एखादी नोंद पुसली तर ती कुठेच उरत नाही. घरोघरमध्ये असं पुसता येत नाही, कारण बाकीच्यांच्या प्रती साक्षीला असतात. तिनं लिहिलं, वाचलं. साक्षीला म्हणजे काय, ते विचारलं, त्यानं सांगितलं. मग ती म्हणाली, की पण असं कोण पुसेल? तिचा प्रश्न साधा होता, तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. तो म्हणाला, की एका माणसानं पुसली होती, एका मुलीची नोंद, स्वतःची चूक दिसू नये म्हणून. त्यानं तिला सगळं सांगितलं, बाक आणि ऑपरेशन आणि दार आणि खांदा. एखादी गोष्ट सांगावी तसं, कारण लहान मुलांना तो नेहमी तसंच सांगायचा. गोष्टीतला माणूस आपोआप जरा लांब उभा राहतो, त्याचं तोंड नीट दिसत नाही. ती ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, की तो माणूस वाईट होता का? भांडी लावायचा आवाज थांबला होता. स्वयंपाकघराच्या दारात बायको ओले हात पुसत कधीची उभी होती, कोणास ठाऊक.

"तो माणूस मी," तो म्हणाला.

नातीनं त्याच्याकडे पाहिलं. हातातलं फडकं बायकोनं आणखी एकदा घडी घालून पुन्हा उलगडलं. त्याला वाटलं होतं, की हे कधी तोंडातून निघालंच तर मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. त्याचा आवाज फक्त दमलेला होता, दिवसभर उभं राहून बसायला जागा मिळावी तसा.

"त्याच ओळीत पुढे लिही," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी चार हजार चारशे अठरावी नोंद मी पुसली. ती दाराच्या दुरुस्तीची होती. दुरुस्ती मंगळवारी सकाळी वेळेवर झाली होती. जिनं ती केली, तिची चूक नव्हती. माझ्या जुन्या प्रतीमुळे ती गाडली गेली." तिचं नाव त्यानं सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. अकरा वर्षांत ते त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं, तरी अडखळला नाही. नातीनं एकेक अक्षर दाबत लिहिलं. आडनावात एक जोडाक्षर होतं, ते तिनं विचारून घेतलं. मग तिनं ओळ वाचली नाही. पहिल्यांदाच वाचली नाही.

त्या मावशींना हे कळलंय का, तिनं विचारलं. नाही, तो म्हणाला. मग त्यांना अजून वाटतं का, की त्या विसरल्या होत्या? हो, तो म्हणाला. ऑफिसात त्याचं काय होईल हे त्याला माहीत होतं. प्रमुख आधी दार लावून बसेल, मग वरच्यांना फोन करील. चौदा महिने राहतील किंवा राहणार नाहीत. शंकासुर उद्यापासून त्याच्याकडे जरा वेगळं बघेल. हे सगळं त्याला समोर दिसत होतं आणि तरी त्याला आत्ता फक्त डोळे मिटावेसे वाटत होते. त्यानं ते मिटले. तक्ता उद्या एकदा बघू, असंही त्याच्या ओठांवर आलं. ती त्याची जुनी सवय होती. अकरा वर्षं तो उद्याच बघत आला होता.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. त्यानं डोळे उघडले. नातीनं नववीच्या खाली पडलेली ती दहावी ओळ उचलली होती आणि तक्त्याच्या अगदी वर, कोठीत एकानं फाइल उचलली की बाकीचे थांबतात, याच्याही वर नेऊन ठेवली होती. बाकीच्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. तिनं उशांवर जरा सरळ होऊन बसून घेतलं, आजीकडे एकदा बघितलं, आणि पहिल्या ओळीपासून, त्या नावासकट, खणखणीत आवाजात सगळा तक्ता वाचायला सुरुवात केली.